गादी, राइस कुकर आणि तिरुवनंतपुरम

डिसेंबरातल्या केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला मुंबईहून जायचं, तर नेत्रावती एक्स्प्रेस धरावी. लोकमान्य टिळक टर्मिनस ते तिरुवनंतपुरम साधारण तीस तास. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच करून टाका. मुक्काम थंपानूर भागात घ्या; महोत्सवातली कैरळी, श्री आणि निळा ही तिन्ही थिएटरं स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहेत.

२०२४ मध्ये (१३ ते २० डिसेंबर) पास १,१८० रुपयांना होता. पण पास म्हणजे खुर्ची नव्हे. आदल्या दिवशी सकाळी ऑनलाइन जागा राखावी लागते, आणि गाजलेल्या सिनेमाच्या जागा बघता बघता संपतात. उरलेल्यांनी रांग धरायची. दिवसाला पाच सिनेमे ठरवले की गणित हमखास कोसळतं. महोत्सवाची थिएटरं शहरात विखुरलेली आहेत: टागोर थिएटर वळुदक्काडला, निशागंधी कनककुन्नूला. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकते आणि पहिली दहा मिनिटं हुकतात. तीनच बघा, मध्ये तासभर ठेवा. निशागंधी उघड्यावर आहे, तिथला खेळ अंधार पडल्यावरच. अंगाला ओडोमॉस लावून जा. मल्याळम येत नसेल तर सबटायटलं पडद्याच्या तळाशी असतात हे ध्यानात ठेवून जागा निवडा, नाहीतर पुढच्याच्या डोक्याआड अर्धे संवाद जातात.

त्या वर्षीचा माझ्या मनात रुतलेला सिनेमा ‘फेमिनिची फातिमा’. पोन्नानीतली एक गृहिणी, दुखरी कंबर आणि मुलानं ओली केलेली गादी. नवी गादी घरात आणायची, एवढीच गोष्ट. पण तेवढ्यासाठी घरात किती परवानग्या लागतात, ते फासिल मुहम्मद आवाज न चढवता दाखवतात. हशा येतो आणि लगेच घशात अडकतो.

पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मात्र मराठी माणसानं या प्रवासाला जोडूनच पाहावा. मुंबईतल्या मल्याळी नर्सेस. जर्मनीहून आलेला लाल राइस कुकर त्यांच्यातली प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कवटाळते. नवरा तिकडे, आणि त्याचा स्पर्श म्हणून हातात फक्त हे भांडं! छाया कदम यांची पार्वती, प्रभाच्या इस्पितळातली स्वयंपाकीण, कागदपत्रांअभावी खोली गमावून रत्नागिरीकडे गावी परतते, तिथून सिनेमाचा उजेडच बदलतो. निळी, ओली मुंबई मागे पडते आणि समुद्राकाठचं ऊन येतं.

परतीच्या नेत्रावतीत रत्नागिरी दिवसाउजेडी लागते. खिडकीची जागा मागून घ्या.