फळ्यावरची चंद्रमुखी

आमची बॅच ९४ची. इंग्रजी पाचवीपासून, ते पण घोकंपट्टीचं, त्यामुळे शाळेत शेक्सपिअर शिकले असं म्हटलं की घरी कोणाचा विश्वास बसत नाही. शिकले म्हणजे एकच तास, आणि तोही ऑफ पिरियड.

गणिताचे सर रजेवर होते म्हणून इंग्रजीचे सर आले आणि काही न बोलता फळ्यावर चौदा ओळी लिहायला लागले. सॉनेट म्हणजे आपलं सुनीत, केशवसुतांनी मराठीत आणलं ते, एवढीच प्रस्तावना. हे शेक्सपिअरचं १३० नंबरचं, १६०९ साली छापलेलं. पहिल्याच ओळीत 'मिस्ट्रेस' आलं आणि मागच्या बाकावरून आवाज, "सर, हेडमिस्ट्रेस का?" आम्हाला मिस्ट्रेस म्हटलं की एकच माहीत, मोठ्या बाई. सर ओठ दाबून हसले, म्हणाले, अरे तेव्हा मिस्ट्रेस म्हणजे जिच्यावर जीव जडलाय ती.

मग एकेक ओळ. हिचे डोळे सूर्यासारखे वगैरे अजिबात नाहीत, पोवळं हिच्या ओठांपेक्षा कितीतरी लाल असतं, बर्फ पांढरा म्हणायचा तर हिची कांती मातकट (तिथे मूळ शब्द वेगळा आहे, सरांनी गाळला, आम्ही पंधरा वर्षांचे होतो), केस म्हणजे तारा म्हणत असाल तर हिच्या डोक्यावर काळ्या तारा उगवल्यात. गालावर गुलाब नाहीत. श्वासापेक्षा अत्तर बरं. वर्ग खिदळत होता आणि मला मात्र रडायला येत होतं.

कारण वर्गात सगळ्यात काळी मी. आता हे सहज टाइप करतेय, तेव्हा नव्हतं जमत. त्याच वर्षी गॅदरिंगला शेजारच्या काकूंनी मला एवढी पावडर फासलेली की फोटोत चेहरा एका मुलीचा आणि मान दुसऱ्या मुलीची दिसते. तर मी हात वर करून म्हटलं, सर, हा माणूस तिला नावं ठेवतोय, ही कसली प्रेमाची कविता!

सर म्हणाले, थांब, आधी एक चित्र काढू. ज्याचं ड्रॉइंग चांगलं त्याला पुढे बोलावलं आणि वर्गाला सांगितलं, आपल्याकडे सुंदर बाईचं वर्णन कसं करतात ते बोला, आणि हा अगदी तस्सं काढेल. चंद्रासारखं तोंड. त्याने गोल काढला, वर डागसुद्धा दिले. हरणाचे डोळे, म्हणजे दोन बाजूंना दोन. नाक चाफेकळी, दात डाळिंबाचे दाणे, वेणी म्हणून एक नागीण, सिंहाची कंबर आणि चाल हत्तीची म्हणून खाली हत्तीचे चार पाय. जे काही तयार झालं ते बघून पहिल्या बाकावरच्या मुलीसुद्धा बाक वाजवायला लागल्या.

मग सर सांगायला लागले की तिकडेही हेच चाललेलं. इटलीचा कवी पेत्रार्क, त्याने लॉराला ६ एप्रिल १३२७ला फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या चर्चमध्ये पाहिलं असं तो स्वतःच लिहितो, आणि त्याच्या त्या संग्रहात ३६६ कविता, बहुतेक तिच्यावरच. सोनेरी केस, गोरापान चेहरा. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपभर कवींनी तेच गिरवलं, शेक्सपिअरच्या तरुणपणी इंग्लंडात तर सुनीतांचा पूर आलेला, सगळ्यांच्या नायिकांचे डोळे सूर्य आणि केस सोन्याच्या तारा. आणि खऱ्या बायका? त्यातल्या पैसेवाल्या चेहऱ्याला शिशापासून केलेला पांढरा लेप लावायच्या, विषच ते. (मला लगेच काकूंचा पावडरचा डबा आठवला.) "आता सांग," सर मला म्हणाले, "हा चिडवतोय कोणाला?"

तिला नाही. हे चित्र काढणाऱ्यांना.

शेवटच्या दोन ओळी सरांनी रंगीत खडूने अधोरेखित केल्या. देवाशपथ सांगतो, माझी ही तेवढीच दुर्मिळ आहे जेवढी खोट्या उपमा देऊन फसवलेली कुठलीही 'ती'. तिथे मूळात 'एनी शी' आहे, एकाने उठून विचारलं, सर, सर्वनामाच्या आधी 'एनी' कसं, ग्रामर चुकलं ना? सर म्हणाले, काप अर्धा मार्क शेक्सपिअरचा.

पुढे बीएला इंग्रजी घेतलं ते या तासामुळेच, आणि मग सरांची एक चूकही सापडली. श्वासाच्या ओळीतल्या 'रीक्स'चा अर्थ त्यांनी घाण वास मारणे असा सांगितलेला, पण त्या काळी तो शब्द बराच साधा होता, वाफ किंवा श्वास बाहेर पडतो तसा. शिवाय कवी काही संत नाही. १२७व्या सुनीतात काळ्या रंगाला सौंदर्याचा वारस म्हणणारा हाच माणूस १४७व्यात तिच्यावर भडकतो तेव्हा तिला नरकासारखी काळी म्हणून मोकळा होतो. ते वाचून दोन दिवस डोकं फिरलेलं माझं. आणि १३०मध्ये तो म्हणतो हिचं बोलणं ऐकायला मला आवडतं, पण ती बोलते काय ते एका ओळीत नाही!

तरी एक ओळ माझीच आहे असं मी धरून चालते. देवी कशा चालतात मी पाहिलं नाही बाबा, माझी ही चालते ती जमिनीवर पाय टेकवून. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखलातून शाळेत येणाऱ्या मुलीला हत्तीची चाल काय कामाची.

बेल झाली तेव्हा सर कविता पुसून गेले पण चित्र राहिलं. पुढचा तास भूगोलाचा. बाई आत आल्या, फळ्याकडे बघितलं, हातातला नकाशा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कोणाचं चित्र?" मागच्या बाकावरून पुन्हा तोच आवाज, "मिस्ट्रेसचं, बाई."

तो अख्खा तास मागचे दोन बाक वर्गाबाहेर उभे होते.