डोकं निवायला ठेवायचा प्रयोग: सहा आठवड्यांचा हिशोब

तर सहा आठवडे झाले, वही भरत आलीय, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं. प्रयोग एवढाच की रोज रात्री झोपायच्या आधी एक कार्ड काढायचं आणि त्याच्याकडे बघत दहा मिनिटं डोकं निवायला ठेवायचं, भविष्यबिविष्य काही नाही. डेक आपला नेहमीचा टॅरोचा, रायडर-वेट, ७८ कार्डांचा, आणि जोडीला भेट मिळालेला एक ४४ कार्डांचा ओरॅकल डेक, म्हणजे टॅरोसारखे ठरलेले पत्ते नसलेला. मी अकाउंट्सची कामं करते, घरूनच, आठ-दहा छोट्या व्यापाऱ्यांची, त्यामुळे माझा महिना ७, ११ आणि २० असा चालतो. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचं एक रिटर्न, २० ला दुसरं. मधले दिवस मोकळे असतील असं लोकांना वाटतं, मधल्या दिवसांत "बिलं पाठवा हो" म्हणून फोन करायचे असतात.

आठवडा १

पहिल्या रात्री फोर ऑफ सोर्ड्स आलं (सोर्ड्स म्हणजे तलवारी, पेंटॅकल्स म्हणजे नाणी, पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे हे रंग). मी खूश, कारण विश्रांतीचं कार्ड म्हणून सगळे हेच दाखवतात, म्हटलं वा, शुभारंभ. दुसऱ्या दिवशी टेन ऑफ पेंटॅकल्स, तिसऱ्या दिवशी विसरले, चौथ्या दिवशी परत फोर ऑफ सोर्ड्स.

तेव्हा पहिल्यांदा ते कार्ड नीट बघितलं, म्हणजे अर्थ न शोधता नुसतं बघितलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो माणूस झोपलाय. तो झोपलेला नाहीये, तो थडग्यावरचा पुतळा आहे, हात छातीवर जोडलेले. भिंतीवर तीन तलवारी, टोकं खाली, त्याच्याच अंगावर रोखलेली, आणि चौथी खाली थडग्याच्या बाजूला आडवी. वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगीत काचेची खिडकी आहे आणि तिच्यात बारीक अक्षरांत लॅटिन शब्द आहे, पॅक्स, म्हणजे शांती. तो मला मोबाइलचा टॉर्च लावून दिसला (चाळिशी लागलीय, चष्मा करायचाय). वेटने, म्हणजे ज्याने हा डेक योजला त्याने, या कार्डाच्या अर्थांत पहिलाच शब्द विश्रांतीचा नाही, जागं राहण्याचा, दक्षतेचा दिलाय, एकांत वगैरे त्याच्यानंतर. हे मला आधी विचित्र वाटलं आणि मग फार ओळखीचं वाटलं, कारण माझं पडणं असंच असतं, अंग गादीवर आणि कान फोनकडे.

आठवडा २

सोर्ड्स, सोर्ड्स, सोर्ड्स. टू, एट, नाइन, परत फोर. ओरॅकल डेक पण या आठवड्यात दोनदा वापरला आणि खरं सांगते, मला तो झेपला नाही. प्रत्येक कार्डावर पहाट, पिसं, कमळ, आणि खाली "स्वतःवर प्रेम करा" छापाचं वाक्य. वाक्य वाचलं की संपलं, बघायला काही उरतच नाही. ज्यांना आवडतो त्यांना आवडो, पण माझ्या डोक्याला चघळायला काहीतरी लागतं, नाहीतर ते स्वतःलाच चघळत बसतं.

नाइन ऑफ सोर्ड्सवर मात्र दोन रात्री घालवल्या. बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड ओंजळीत, मागे काळ्याकुट्ट अंधारात नऊ तलवारी आडव्या. सगळे तलवारींकडे बघतात, मी या वेळी गोधडीकडे बघितलं. चौकटी-चौकटींची आहे, काही चौकटींत गुलाब आणि काहींत राशींची चिन्हं, कोणीतरी बसून टाके घातले असतील अशी. आजीच्या गोधडीत असेच तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे असायचे आणि ताप आला की मी ते मोजायचे. त्या रात्री कार्डावरच्या चौकटी मोजल्या, मध्येच चुकले, परत मोजल्या, आणि दहाची पंचवीस मिनिटं कधी झाली कळलं नाही. पूर्ण आठवड्यात डोकं खरंच रिकामं झालं असेल तर तेव्हाच.

जाता जाता, हे सगळं चितारलं पामेला कोलमन स्मिथने आणि डेकवर नाव प्रकाशकाचं आणि वेटचं, ती कित्येक दशकं गायब. १९०९ मध्ये तिने एका पत्रात कळवलं होतं की मोठ्ठं काम संपवलंय आणि पैसे अगदीच थोडे मिळालेत. बाई फ्रीलान्सर होती, दुसरं काय. पण प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिची ती वेटोळ्यासारखी सही आहेच, ती शोधणं हा पण माझा एक टाइमपास झालाय.

आठवडा ३, म्हणजे २० तारीख

हे लिहायला लाज वाटतेय पण लॉग म्हणजे लॉग. १९ च्या रात्री एका पार्टीचे आकडे जुळत नव्हते, साडेबारा वाजलेले, आणि मी कार्ड काढायला बसले. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आलं. त्याचा काय अर्थ म्हणून अजून एक काढलं, ते नीट कळलं नाही म्हणून अजून एक, मग फोन उघडून अर्थ बघितले, एका साइटवर एक आणि दुसरीवर भलतंच, मग "उद्या होईल का सगळं" असं सरळ विचारूनच टाकलं, जे मी करणार नाही म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आणि सव्वाला भानावर आले तेव्हा गादीवर अकरा कार्डं पसरलेली आणि मी रिकन्सिलिएशन करते तशी त्यांच्या जोड्या लावत होते. एक्सेल बंद करून पत्त्यांचं एक्सेल उघडलं होतं, एवढंच. फरक जुळलाच नाही, ना इकडचा ना तिकडचा. (आकड्यांतला सकाळी दहा मिनिटांत सापडला, एक डेबिट नोट दोनदा चढली होती.)

दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी बदलल्या. फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायचा. कार्ड एकच, वाईट असो नाहीतर न कळणारं असो, वर दुसरं काढायचं नाही. आणि प्रश्न विचारायचाच नाही. आधी मी "आज मला कशाची गरज आहे" वगैरे विचारायचे, पण प्रश्न आला की डोकं उत्तराच्या मागे धावतं, आणि धावलं की झोपेचं मातेरं.

आठवडा ४: आई आली

आई आठ दिवस राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी तिने मला कार्डं पिसताना बघितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार, हे काय नसतं खूळ म्हणून. तर ती म्हणाली, "अगं हे पिसणं आहे का? मधला गठ्ठा उचलून वर ठेवतेस, परत तोच उचलून वर ठेवतेस." आई आयुष्यभर मेंढीकोट आणि झब्बू खेळलेली बाई आहे, तिच्यासमोर पत्त्यांबाबत बोलायची सोय नाही. तिने सगळा कॅट जमिनीवर पालथा ओतला आणि दोन्ही हातांनी सारवल्यासारखा गोल गोल फिरवला, चांगला दोन मिनिटं, मग गोळा करून दिला.

आता आकडे बघा, शेवटी मी अकाउंटवाली. पहिल्या २१ दिवसांत ४ दिवस बुडाले, १७ कार्डं काढली (१९ च्या रात्रीचं पहिलंच धरलंय), त्यात सोर्ड्स ८ आणि एकटं फोर ऑफ सोर्ड्सच ३ वेळा. ७८ मध्ये सोर्ड्स असतात १४, म्हणजे १७ मध्ये साधारण ३ यायला हवीत. मी वहीत दोन पानं भरून लिहिलं होतं की हे कार्ड मला बोलावतंय! बोलावत-बिलावत नव्हतं, मी ते वापरून वरच ठेवत होते आणि पिसणं कच्चं होतं. सारवून पिसायला लागल्यापासून १९ कार्डांत सोर्ड्स आली ३. ती दोन पानं फाडली नाहीत, राहू दे.

मग आई डेक हातात घेऊन बसली. "ह्यात दोन-दोन गुलाम कसे?" तर एक पेज, एक नाइट. सोर्ड्स म्हणजे इस्पिकच ना, म्हणाली. मग मेजर अर्कानाची, म्हणजे कुठल्याच रंगात न बसणारी, २२ बाजूला काढून म्हणाली, ह्यांचं काय करायचं. मी सांगितलं की टॅरो मुळात खेळायचाच डेक होता, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, आणि ही २२ म्हणजे २१ कायमचे हुकूम आणि एक वेडा. इजिप्तचं गूढ ज्ञान वगैरे १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या लेखकाने चिकटवलं, त्याच्या आधी लोक साधा डाव मांडायचे, आणि फ्रान्समध्ये तो खेळ अजून चालतो. आईला "कायमचे हुकूम" फारच आवडलं. मरणाचं कार्ड बघून म्हणाली, हा तेरा नंबरचा हुकूम म्हणजे काही फार मोठा नाही मग. तेवढ्यात दूध उतू गेलं.

त्या रात्री हँग्ड मॅन, म्हणजे एका पायाने उलटा टांगलेला माणूस, आला, आणि कार्डच उलटं आलं. उलटा आला की तो सरळ उभा दिसतो, एका पायावर, दुसरा गुडघ्यात दुमडलेला, डोक्याभोवती तेज. आई म्हणाली, हा तर नाचतोय. मी त्याला थांबणं, लटकणं, अडकणं असंच धरून बसले होते. आम्ही दोघी दहा मिनिटं त्या कार्डाकडे बघत बसलो आणि कुणीच काही बोललं नाही, घरात हे क्वचितच होतं.

आठवडा ५ आणि ६: लग्नपत्रिकांचा ओरॅकल

ओरॅकल डेकला रचनेचं बंधन नसतं, किती कार्डं, कुठली चित्रं, सगळं करणाऱ्यावर. मग म्हटलं स्वतःचाच का करू नये. डोळ्यांसमोर सावंतवाडीचा गंजिफा होता. राजवाड्यात कारागीर बसून रंगवताना बघितलेत मी, गोल पत्ते, दशावतारी, दहा अवतारांचे बारा-बारा असे १२०, वरून लाखेची चकाकी. त्यात दिवसा डाव असेल तर राम आधी आणि रात्री असेल तर कृष्ण, हा नियम मला भारी आवडतो, पत्त्यांना पण रात्रपाळी.

माझी १२ च करायची ठरलीत. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका, जाड कागदवाल्या, त्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण ठेवून गोल आखायचं आणि कापायचं. वाक्यं लिहायची नाहीत, नुसतं चित्र. आतापर्यंत सात झालीत: आजीची गोधडी, रिकामा झोपाळा, फ्रिजवरचा फोन, निवायला ठेवलेलं दूध, "१ ते ४ बंद" अशी दुकानाची पाटी (पुणेकरांनी रागावू नये, हे माझ्या मते जगातलं सगळ्यात शहाणं कार्ड आहे), पावसात उभी म्हैस, आणि कासव.

कासव दोनदा काढलं. पहिल्यांदा गंजिफ्यातल्या कूर्माची नक्कल करायला गेले तर बटाटेवड्याला पाय फुटल्यासारखं दिसायला लागलं. मग देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असतं ना, ज्याला आपण वाकून हात लावतो आणि पुढे जातो, तसं काढलं, वरून बघितल्यासारखं. पाय अर्धे आत. रंगवायला दोन संध्याकाळी गेल्या, त्या दोन्ही दिवशी रात्रीचं कार्ड काढलं नाही आणि ते बुडाले म्हणूनच लिहिलंय, पण झोप उत्तम लागली.

काल परत ११ तारीख होती. रिटर्न रात्री सव्वानऊला गेलं, दोघांची बिलं अजून आलेली नाहीत, ती २० ला बघू. सारवून पिसलं, काढलं, फोर ऑफ सोर्ड्स, आता प्रामाणिकपणे. या वेळी त्या खालच्या आडव्या तलवारीकडेच बघत बसले. वरच्या तीन उतरवायला कुणी येत नाही, तो पडलाय त्यांच्याखालीच. वहीत एक ओळ लिहिली, "बिलं: जोशी नाही, २० ची पार्टी", मग ती ओळ चुकीच्या वहीत गेली म्हणून हसायला आलं आणि दिवा बंद केला.

उरलेली पाच कार्डं कसली करू ते सुचलेलं नाही. आणि एक अडचण: वॉर्निश मारून सुकवलेली गोधडी आणि म्हैस एकमेकींना घट्ट चिकटलीत, ओढली तर पत्रिकेचा सोनेरी गणपतीच वर येतोय. कुणी कागदी कार्डांना लाख नाहीतर दुसरं काही लावून बघितलं असेल तर कृपया सांगा, सुकायला किती दिवस ठेवलं तेही.