पाच इंची ग्रुपचे कारण सापडले आणि .३०-०६ यादीतून गेली

मागील नोंदीत मी न्यूझीलंडमधील शिकारीच्या सफरीसाठी .३०-०६ हेच रायफलीचे काडतूस जवळजवळ नक्की केले होते. तो निर्णय मी आज मागे घेत आहे, कारण पावसाळा संपल्यापासून ज्या पाच इंची ग्रुपने (लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या खुणांचा पसारा) माझी झोप उडवली होती, त्याचे कारण गेल्या महिन्यात सापडले आणि ते सापडताच काडतुसाचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला.

संदर्भ थोडक्यात सांगतो. भाचा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो आणि मार्चअखेरीस, रेड डियरच्या नरांच्या डरकाळ्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा, मी तिकडे जाणार आहे. ही हरणे तेथे १८५१ पासून बाहेरून आणून सोडलेली आहेत. वटवाघळे सोडली तर त्या देशात मूळचा भूचर सस्तन प्राणीच नाही, त्यामुळे हरणांना नैसर्गिक शत्रू नाही आणि शिकारीला परवानगी आहे. पाहुण्याने बंदुकीचा अभ्यागत परवाना आणि सरकारी संरक्षित जमिनीसाठी तेथील संवर्धन खात्याचा परवाना घ्यायचा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा विषय मिटलेला आहे, आणि तो तसाच मिटलेला राहावा असे मला मनापासून वाटते. खानापूर तालुक्यात भीमगडच्या बाजूला संध्याकाळी सांबर शेताच्या कडेला येते तेव्हा मी दुर्बीण घेऊन बसतो, इतकेच. मात्र त्या बसण्याचा उपयोग होतो: जनावर तिरके उभे असताना पुढच्या पायामागे फुप्फुसांची जागा कशी सरकते, हे कागदावरच्या आकृतीपेक्षा सांबराकडे पाहून मला अधिक नीट समजले.

आता त्या ग्रुपविषयी. मार्चमध्ये माझी देशी बनावटीची .३०-०६ शंभर मीटरवर पाच गोळ्या दीड-पावणेदोन इंचांत ठेवत होती. ऑक्टोबरमध्ये रेंज उघडल्यावर पहिल्याच दिवशी त्याच रायफलीचा ग्रुप पाच इंचांचा आला, आणि तोही खाली व उजवीकडे ओढलेला. रेड डियरच्या छातीतील मर्मस्थान साधारण आठ इंचांच्या वर्तुळाइतके धरले, तर शंभर मीटरवरचे पाच इंच दोनशे मीटरवर दहा होतात, आणि जखमी जनावर डोंगरात निघून जाण्याची शक्यता मी पत्करू शकत नाही. त्यामुळे हा प्रश्न सुटल्याशिवाय काडतुसाची चर्चा पुढे नेण्यात अर्थ नव्हता.

पहिला संशय स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) माउंटवर, म्हणजे तिच्या बैठकीवर गेला. पुढच्या रिंगचा एक स्क्रू खरोखरच सैल निघाला. सगळे स्क्रू काढून, तेल पुसून, टॉर्क रेंचने सारख्या ताणाने पुन्हा बसवले. (ज्यांच्याकडे अजून टॉर्क रेंच नाही त्यांनी दुसरा स्कोप घेण्याआधी तो घ्यावा, हे माझे मत या हंगामाने पक्के केले.) ग्रुप तसाच राहिला. दुसरा संशय लाकडाचा. बेळगावच्या पावसात दारे फुगतात, तर अक्रोडाचा स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, का फुगणार नाही? नळी आणि फोरएंड (दस्त्याचा पुढचा भाग) यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली, तेव्हा ती डाव्या बाजूला अडली. शहापूरच्या एका सुतारांनी दोन तास बसून, काजळी लावून आणि तासून, नळीची खाच इतकी नेटकी मोकळी करून दिली की मला ते काम पाहतच राहावेसे वाटले. पट्टी आता चेंबरपर्यंत अडखळत नाही. ग्रुप पाचावरून चार इंचांवर आला. त्या एका इंचाचा आनंद मी दोन दिवस उपभोगला आणि त्याच आनंदाने मला आणखी तीन आठवडे चुकीच्या वाटेवर ठेवले, कारण दोष रायफलीतच आहे याची मला खात्री पटली.

त्यानंतर नळीतील तांब्याचा थर काढला, काडतुसांचा लॉट बदलला, बाकावरची वाळूची पिशवी बदलली. परवान्यावरच्या वर्षाच्या कोट्यातली एकतीस काडतुसे या शोधात गेली. आपल्याकडे एकेक काडतूस कसे जपावे लागते हे येथे सांगण्याची गरज नाही. एक खूण मात्र माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून होती आणि ती मी वाचली नाही: त्याच सकाळी, त्याच बाकावरून, .२२ ने मी पन्नास मीटरवर एका इंचाच्या आत मारत होतो. डोळा, श्वास आणि बैठक ठीक असल्याचा हा पुरावा होता.

रेंजवर मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब येतात. त्यांनी माझ्या मागे उभे राहून दोन गोळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "रायफल काय बघायलासा सारखं? मी भरून देतो, तुम्ही नुसतं मारा." उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून मी ड्राय फायरसाठी (बार न उडवता घोडा ओढण्याच्या सरावासाठी) पितळेची सहा डमी काडतुसे करून घेतली होती, प्रायमरच्या जागी नायलॉन बसवलेला, बुडापासून खांद्यापर्यंत माप अचूक, आणि बाहेरून मागवलेल्या प्लॅस्टिकच्या डमींपेक्षा कितीतरी टिकाऊ. ती सुभेदारसाहेबांनी खऱ्या काडतुसांत मिसळली आणि मला न दाखवता एकेक भरून दिले. तिसऱ्या वेळी नुसता 'खट्' असा आवाज झाला आणि नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली गेले. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी स्कोपमधून पाहिले. "धक्का यायच्या आधीच तुमचा खांदा पुढं जायलाय बघा," एवढेच ते म्हणाले. दहापैकी चार डमी होती आणि चारही वेळा मी दचकलो होतो.

उन्हाळ्यात ही सवय नव्हती. ती का लागली, तेही आता कळते. जूनमध्ये मी रिकॉइल पॅड (दस्त्यामागचे धक्का झेलणारे रबर) बदलला होता; पुरवठादाराने मऊ म्हणून पाठवलेले रबर मुरलेले, टणक होते, आणि त्याच्या जाडीने स्टॉकची लांबी अर्ध्या इंचाने वाढली होती. रायफल खांद्याच्या खोबणीत न बसता हाडावर बसत होती. तो पॅड काढून जुना बसवला. पुढचे पाच आठवडे एकही खरे काडतूस न उडवता रोज वीस वेळा ड्राय फायर केले, नळीवर रुपयाचे नाणे ठेवून. नाणे पडले की तो प्रयत्न मोजायचा नाही. गेल्या रविवारी सुभेदारसाहेबांनी पुन्हा दहा भरून दिले, त्यांत चार डमी. एकदाच दचकलो. खऱ्या सहा गोळ्यांचा ग्रुप सव्वादोन इंच आला. मार्चचा आकडा अजून गाठलेला नाही, पण हा ग्रुप मध्यभागी आहे, आणि तो कागद मी घडी न घालता घरी आणला.

या अनुभवानंतर .३०-०६ वर अडून बसणे मला अप्रामाणिक वाटते. सवयीचे काडतूस म्हणून मी ते निवडले होते आणि तीच सवय बिघडली होती. म्हणून ३.६ किलोची एकच रायफल गृहीत धरून मी विचारातल्या सगळ्या काडतुसांच्या धक्क्याची ऊर्जा काढली. .३०-०६, १८० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप): सुमारे ३० जूल. .२७०, १३० ग्रेन: २४. .३०८, १६५ ग्रेन: २३. ७ एमएम-०८, १४० ग्रेन: १९. ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: १८. आता दुसरी बाजू पाहू. नळीच्या तोंडाशी .३०-०६ ची गोळी सुमारे २९०० फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते आणि ७ एमएम-०८ ची सुमारे २४००. म्हणजे ऊर्जा शेकडा सोळा-सतराने कमी होते, पण खांद्यावरचा धक्का शेकडा सदतीसने उतरतो. इंग्लंडचा कायदा मोठ्या हरणांसाठी किमान १७०० फूट-पौंड मागतो, त्याच्या हे कितीतरी वर आहे. २०० यार्डांवर झिरो केल्यास, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल असा स्कोप जुळवल्यास, ३०० यार्डांवर ७ एमएम-०८ सात-साडेसात इंच खाली जाते आणि .३०-०६ फार तर इंचभर अधिक. तिकडच्या झाडीत बहुतेक नेम शंभर मीटरच्या आत असतो, तेव्हा काडतुसांमधल्या ज्या फरकावर आपण इतके दिवस वाद घातला तो शिकारीच्या अंतरावर जवळजवळ उरत नाही.

६.५ क्रीडमूरच्या बाजूने लिहिणाऱ्यांचे म्हणणे मला पटते: १४० ग्रेनच्या गोळीची सेक्शनल डेन्सिटी (व्यासाच्या वर्गाच्या तुलनेत वजन) .२८७, तर ७ एमएमच्या १४० ग्रेनची .२४८, आणि लांब गोळी खोल जाते. १८९४ चे ६.५×५५ हे स्वीडिश काडतूस स्कँडिनेव्हियात मूससारख्या प्रचंड हरणावर वर्षानुवर्षे वापरले जात आहे, तेव्हा व्यास लहान म्हणून ते दुबळे असे म्हणता येत नाही. तरीही माझा ओढा सातकडे, म्हणजे ७ एमएम-०८ कडे आहे, आणि त्यामागे थोडी भावनाही आहे हे मी लपवत नाही. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउझरच. १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल त्याच काडतुसाची होती आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच मारला. ७ एमएम-०८ हे .३०८ चे केस गळ्याशी आवळून केलेले, पण गोळीचे वजन आणि वेग पाहता ते त्या जुन्या सातचेच काम करते.

येथपर्यंत लिहून झाल्यावर काल रात्री भाच्याचा फोन आला आणि वरचा हिशेब मला पुन्हा मांडावा लागला. "मामा, माझी सात डोंगरात न्यायची आहे, स्कोपसह तीन किलोच भरते," तो म्हणाला. "पण मित्राची .३०८ आहे, नळी आखूड आहे, पुढे सप्रेसर आहे, सगळी मिळून चार किलो." सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारी नळी, आपल्याकडे निषिद्ध आहे, तिकडे ती रोजच्या वापरातली वस्तू. माझे सगळे आकडे ३.६ किलोचे होते. धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे तीन किलोच्या सातचा धक्का १९ वरून जवळजवळ २३ जूलवर चढतो आणि चार किलोच्या .३०८ चा २३ वरून २१ वर उतरतो, तोही सप्रेसरने आणखी जो कमी होईल तो सोडून. क्रम उलटा झाला. कानाशी होणारा आवाज हाही दचकण्याच्या कारणांपैकी एक आहे, आणि तोही तेथे कमी असेल. आखूड नळीमुळे .३०८ चा वेग इंचामागे पंचवीसेक फुटांनी घटेल, पण शंभर-दीडशे मीटरच्या झाडीत त्याने फारसे अडणार नाही. उरतो तो एक किलो जास्तीचा भार, जो दिवसभर डोंगरात मलाच वाहायचा आहे.

म्हणून उद्यापासून पाठीवर चार किलोची पिशवी घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढायला सुरुवात करतो. गोळीपुरते ठरवले आहे: दोन्हींपैकी जी रायफल असेल तिच्यात लागताच फुलणारी शिकारीची गोळीच असेल, टार्गेटची नाही, तांब्याची की शिसे जोडलेली बाँडेड, हे त्या नळीला काय मानवते ते पाहून ठरवू. दोन्ही काडतुसांचे केस एकाच घराण्यातले असल्याने टर्नरकडे आता .३०८ आणि ७ एमएम-०८ अशी दोन्ही मापांची चार-चार डमी सांगितली आहेत. तिकडे पोहोचल्यावर पहिल्या सकाळी भाचा मला न दाखवता दोन्ही रायफली आळीपाळीने भरून देईल, आणि ज्या रायफलीत 'खट्' झाल्यावर नळीचे तोंड हलणार नाही, ती घेऊन आम्ही डोंगर चढू.