नायक कोण ते शोधू नका

नव्या लेखकाची पहिली कादंबरी कोणाच्या हातात दिली, की चार पानं चाळून मला विचारलं जातं, "यात नायक कोण? आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या इतक्या माणसांच्या गोष्टीत तुम्हाला एवढं काय आवडतं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आपल्याकडे भुसावळच्या पॅसेंजरमध्ये नंदुरबारला समोरासमोर बसलेली दोन माणसं दोंडाईच्यापर्यंतसुद्धा गप्प राहत नाहीत. "कोन गावना शेतस?" एवढं विचारलं, की अमळनेर येईस्तोवर एकाची आत्या दुसऱ्याच्या चुलतभावाकडे दिलेली निघते. या कादंबऱ्यांत नेमकं तेवढंच कोणी विचारत नाही. समजा, पहिल्या प्रकरणात एक बाई एसटीत जागेवरून भांडते. तिसऱ्या प्रकरणात ती दवाखान्यात सासऱ्याच्या उशाशी बसलेली असते आणि शेजारच्या खाटेवर त्याच भांडणातल्या माणसाची आई असते. त्या दोघांना याचा पत्ता नाही. मला आहे! त्यांना हाक मारून सांगावंसं वाटतं. भांडताना मी त्या बाईवर चिडलेली असते. मागे जाऊन ते पान पुन्हा वाचते, तर तिचा थकवा तिथे आधीच लिहिलेला सापडतो. हे ज्याला साधलं, त्या लेखकाचं बाकी सगळं मी पोटात घालते.

पहिल्या कादंबरीत हे जास्त भेटतं, असं माझं मत. कोणाला दुय्यम म्हणून सोडून द्यायचं, हे लिहिणाऱ्याला अजून जमत नसतं. चहा आणून देणाऱ्या पोऱ्यालाही तो गाव देतो, बहिणीच्या लग्नाचं कर्ज देतो. आपल्या सांगवीच्या नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) पहिलीच, पण ती एकट्या पांडुरंगाची. जयवंत दळवींची 'चक्र'ही पहिलीच, आणि तिच्यात मुंबईतली झोपडपट्टी आहे. दोन्ही मोठ्या, माझा जीव दुसरीत जास्त रमतो.

शेवटी सगळ्यांना एकाच लग्नात नाहीतर एकाच अपघातात गोळा केलेलं मात्र मला खटकतं. माणसं बाजूला पडतात आणि लेखकाची आखणी दिसायला लागते. दोघं एकाच फलाटावरून ओळख न होता निघून गेली, तर मला तेच खरं वाटतं.

तेव्हा सुरुवातीला नायक शोधू नका. नावं लक्षात राहत नसतील तर कोण कोणाला कुठे दिसलं, तेवढं शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहीत जा. माझ्याकडून नेलेल्या पुस्तकांत अशी यादी सापडेल. ती आधी वाचू नका.