तरवडाला पाणी किती घालता?

आमच्या कुंपणापाशी थांबलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो, मे महिन्यात तर हमखास, कारण तेव्हा धुळ्यात पारा ४२-४३ ला टेकलेला, शेजारची जास्वंद ग्रीन नेटखाली पण करपलेली आणि आमचा तरवड, माळावरचं रानझुडूपच ते, आपला हिरवा उभा. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, शून्य. पहिला उन्हाळा सोडला तर शून्य.

हे शहाणपण आधी नव्हतं बरं का. लळिंगकडच्या माळावरून वीतभर चार रोपं उपटून आणली, चारही गेली, कारण याचं सोटमूळ खोल जातं आणि तेच तुटलं होतं. मग नर्सरीतून एक आणलं, चांगल्या काळ्या मातीत लावलं, रोज बादलीभर पाणी; पावसाळ्यात तिथे पाणी तुंबलं, मूळ कुजलं. पाच रोपं मारली, तीही लाड करून!

मग बियांवर आले. शेंगा चपट्या, वाळल्या की कागदासारख्या वाजतात. बी भारी टणक, म्हणून पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं, फुगेल तेवढंच जूनमध्ये थेट जागेवर टोचायचं. मुरूम असला तर उत्तमच, गोटे वेचत बसू नका. पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी एखादा डबा पाणी, बस. शेळ्या येतात, हुंगतात, पुढे जातात.

फुलं मात्र बघत राहावी अशी. त्यात मध नसतो, नुसते पराग, आणि तेही बारीक भोकांतून बाहेर पडणारे, म्हणून काळा भुंगा फुलाला लटकून घूंऽऽ करत ते हादरवतो, मिठाची डबी हलवावी तसं. सकाळचा चहा माझा तिथेच होतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारू नका, पुढे त्यांचीच पांढुरकी फुलपाखरं होतात.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. “माळवरनं झाड दारमा कसाले?” त्यांच्या लहानपणी तरवड म्हणजे कातडं कमवायला साल सोलून नेतात ते झुडूप, दारात लावायची वस्तूच नाही. आता नवरात्रात घटाच्या माळेसाठी पहाटे सगळ्यात आधी त्याच परडी घेऊन कुंपणाशी, आणि नंतर येणाऱ्या बायकांना सांगतात, वरच्या फांद्या राहू द्या, उद्याची माळ बाकी शे.