जयगडच्या खाडीत डॉल्फिनसाठी आवाज मोजताना

पाण्याखालचा आवाज नोंदवणं तसं फार अवघड नाही. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात चालणारा माइक. तो दोरीने सोडायचा आणि रेकॉर्डर चालू करायचा. खरी कसरत त्यानंतर सुरू होते, हातात आलेल्या आकड्याचा डॉल्फिनशी काय संबंध ते शोधताना. माझा एम.एस्सी.चा प्रबंध याच विषयावर होता. आता हाच विषय घेणारी मुलं फोन करून तेच ते विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

जागा निवडली जयगड. रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. या काठावर जयगड, पलीकडे तवसाळ, मधे दिवसभर फेरीबोट. खाडीबाहेर बंदर आहे, तिथे कोळशाची मोठी जहाजं लागतात. ट्रॉलर आणि छोट्या होड्यांची ये-जा तर असतेच. याच पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन फिरतात. ही जात खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आणि खाड्यांची मुखं हेच तिचं घर. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१७ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं, आपल्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. आवाज सहन होत नसेल तर बाजूला सरकावं म्हटलं, तरी किनाऱ्याची ती चिंचोळी पट्टी सोडून ती जाणार कुठे?

परवानग्यांचं थोडक्यात सांगते. वनखात्याचं पत्र घ्या, बंदराच्या हद्दीत जायचं असेल तर तिथली लेखी मंजुरी घ्या, आणि सागरी पोलिसांना आधीच कळवून ठेवा. काळी वायर पाण्यात सोडून कानाला हेडफोन लावून बसलेली माणसं कोणालाही संशयास्पदच वाटतात. एका कार्यालयात माझा अर्ज बरेच दिवस अडकला, कारण छापील फॉर्ममध्ये ‘किती प्राणी पकडणार?’ असा रकाना होता आणि तिथे शून्य लिहिलेलं संबंधित साहेबांना पटत नव्हतं.

हायड्रोफोन भाड्याने मिळाला. घेताना दोन गोष्टी बघा. पहिली कॅलिब्रेशन: उपकरणाची संवेदनशीलता नेमकी माहीत नसेल तर रेकॉर्डिंग नुसतं ऐकायला बरं, मोजायला कुचकामी. दुसरी सॅम्पलिंगचा वेग. आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, पण वाट आणि भक्ष्य शोधायला हे डॉल्फिन ज्या क्लिक काढतात त्यांचा जोर १०० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. जी वारंवारता पकडायची तिच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात. ९६ किलोहर्ट्झचा रेकॉर्डर नेलात तर ४८ च्या वरचं सगळं हातचं जाणार. एकमेकांशी बोलायच्या शिट्ट्या मिळतील, क्लिक निसटतील.

होडी ज्यांची घेतली त्या तांडेलांना आम्ही चाचा म्हणायचो. पहिल्याच फेरीत त्यांनी विचारलं, “इंजिन तर बंद केलंस पोरी, पण बुडाला पाणी आपटतंय त्याचं काय करणार?” अगदी बरोबर होतं ते. होडीच्या बुडावरचं चपचप, दोरीची थरथर, बर्फाच्या पेटीचं करकरणं, खलाशाची टाकलेली पक्कड, सगळं रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. मग दोरीत रबराचा लवचीक तुकडा घातला, हायड्रोफोन वेगळ्या तरंगत्या फ्लोटला टांगला आणि होडी नांगरायच्या ऐवजी प्रवाहाबरोबर वाहू दिली. नांगरलेल्या होडीवरून मोजलं तर वाहतं पाणी हायड्रोफोनवर घासतं आणि खालच्या वारंवारतेत खोटी घरघर भरते. उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी ओढ इतकी की काहीच जमायचं नाही. चांगली रेकॉर्डिंग सगळी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांतली आहेत.

पहिल्यांदा हेडफोन लावला तेव्हा ऐकू आली ती लाह्या फुटाव्यात तशी अखंड तडतड. ही स्नॅपिंग श्रिंप नावाच्या छोट्या कोळंबीची करामत. तिची एक नांगी झटकन मिटते, बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि आवाज होतो. उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यात ही पार्श्वभूमी कायमचीच. ‘समुद्र मुळात शांत असतो’ हे गृहीतक तिथेच गळून पडतं. जहाजाने किती भर घातली ते या तडतडीच्या तुलनेत काढावं लागतं.

पण जहाज नसतानाचा आवाज मोजायचा कधी? मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात. पण पावसाळ्यात समुद्रच गरजत असतो, पावसाचे थेंब स्वतःचा वेगळा आवाज करतात, आणि आम्हाला बाहेर कोण नेणार? उपाय मिळाला शिमग्यात. खलाशी गावी जातात, बऱ्याच होड्या नांगरून पडतात, बंदर मात्र चालूच असतं. म्हणजे मासेमारीचा आवाज वजा होऊन नुसता बंदराचा हाती लागतो. उलट धक्क्यावर जहाज नसेल त्या दिवशी नुसत्या होड्यांचा. वेळापत्रक आखताना भरती-ओहोटीच्या कोष्टकाइतकंच सणांचं पंचांगही हाताशी ठेवा.

मोठ्या जहाजाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धक्क्याकडे येताना कोळशाचं जहाज हळू चालतं, त्याची घरघर खालच्या पट्टीतली असते. कान बधिर करतात ते त्याला ढकलणारे टग, म्हणजे छोट्या पण ताकदवान बोटी. टगने पूर्ण जोर लावला की पंख्याच्या पात्यांवर दाब एकदम घटतो, पाण्यात बुडबुडे धरतात आणि फुटतात. हा फुटण्याचा आवाज थेट किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चढतो, आणि डॉल्फिनच्या शिट्ट्याही तिथेच असतात. युरोपात सततच्या आवाजाच्या देखरेखीसाठी ६३ आणि १२५ हर्ट्झचे पट्टे धरतात. लांबवरच्या मोठ्या जहाजांसाठी ते ठीक आहे. दहा मीटर पाण्यात मात्र फार खालच्या वारंवारता लांब जातच नाहीत. तळ कडक असला तरी चाळीसेक हर्ट्झच्या खालचं विरून जातं, चिखल असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते. फक्त ते दोन पट्टे धरून अहवाल लिहिला असता तर टग आणि आउटबोर्ड इंजिनं दोन्ही जवळजवळ निसटली असती. एआयएस, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा आपोआप कळवतात ती यंत्रणा, तिच्या नोंदींवर विसंबलं तरी तीच गत. मोठी जहाजं त्यात दिसतात, चाचांची होडी दिसत नाही.

डेसिबलवरून तर रोज वाद. गावात कोणी विचारायचं, “पाण्यात १२० डेसिबल? म्हणजे डीजेपेक्षा जास्त?” नाही. हवेतला संदर्भ दाब २० मायक्रोपास्कल, पाण्यातला १. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट माध्यम. दोन्ही फरक धरले की पाण्यातले १२० हे तीव्रतेच्या हिशेबात हवेतल्या साधारण ५८ च्या बरोबरीचे होतात. ही वजाबाकी न करता छापलेली बातमी दिसली की मला अजून घाम फुटतो.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत (२०२४ मध्ये ती सुधारली गेली) डॉल्फिनसारख्या प्राण्यांसाठी सततच्या आवाजाचे दोन उंबरठे होते. दिवसभराची साठलेली मात्रा १७८ डेसिबलला पोचली की श्रवणशक्ती तात्पुरती घटते, १९८ ला कायमची. डॉल्फिनला खालच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, त्यामुळे ते वजन लावून हिशेब केला की जयगडची रहदारी या रेषांच्या बरीच खाली राहते. इथे थांबलं तर ‘लक्षणीय परिणाम नाही’ असं लिहून मोकळं होता येतं. खोटं काहीच नाही त्यात. पण बहिरं होणं हा परिणामाचा शेवटचा टप्पा. त्याच्या कितीतरी आधी शिट्टी झाकली जाते. मोकळ्या पाण्यात आवाज पसरतो त्या साध्या नियमाने पार्श्वभूमी ६ डेसिबलने वाढली की शिट्टी ऐकू जाण्याचं अंतर निम्मं होतं, आणि क्षेत्रफळ चौथाईवर येतं. माझ्या मते अहवालात पहिल्या पानावर हेच यायला हवं: टग चालू असताना आईची शिट्टी पिल्लाला किती अंतरावरून ऐकू जाते.

वागणुकीच्या नोंदी किल्ल्याजवळच्या उंचवट्यावरून दोन मैत्रिणी करायच्या. किती डॉल्फिन, किती वेळ बुडी, तोंड कोणत्या दिशेला. खाली आम्ही काय ऐकतोय हे त्यांना मुद्दाम सांगत नव्हतो. आकडे एकत्र केल्यावर उलटंच निघालं. आवाज जास्त तिथे डॉल्फिनही जास्त! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, “ट्रॉलर कुठे होते गं?” ट्रॉलरच्या जाळ्यातून निसटणाऱ्या मासळीमागे डॉल्फिन येतात, हे चाचा पहिल्या दिवसापासून सांगत होते. म्हणून ट्रॉलरचं अंतर, भरती-ओहोटी आणि दिवसाची वेळ हे सगळं मॉडेलमध्ये वेगळं धरावं लागलं.

शिट्ट्यांची अडचण आणखी तिरकी. टग चालू असताना आम्हाला शिट्ट्या कमी मिळाल्या. डॉल्फिन गप्प झाले होते की गोंगाटात आम्हालाच ऐकू आल्या नाहीत? जो आवाज त्यांचं बोलणं झाकतो तो आमचा हायड्रोफोनही झाकतो. शांत वेळच्या खऱ्या शिट्ट्या घेऊन त्यांत टगचा आवाज मिसळला, आणि किती सापडतात ते तपासून पकडण्याचा दर दुरुस्त केला. दुरुस्तीनंतर फरक बराच आक्रसला. प्रबंधात मी ‘गप्प होतात’ असं लिहिलं नाही, ‘ऐकू जाण्याचं अंतर घटतं’ एवढंच लिहिलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांना ते मिळमिळीत वाटलं. वाटू दे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये जहाजांचा आवाज कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत पंख्याची रचना, बुडाची सफाई, वेग कमी ठेवणं हे सगळं आहे, पण पाळणं ऐच्छिक. जयगडपुरतं मला विचाराल तर टगवाल्यांशी बोलण्यात सगळ्यात जास्त अर्थ आहे. काम नसताना जोर कमी ठेवला तर डिझेलही वाचतं, त्यामुळे ते ऐकून तरी घेतात.

पुढचं काम महिनोन्‌महिने चालणारा रेकॉर्डर तळाशी ठेवायचं आहे, म्हणजे रात्रीचंही मिळेल. धास्ती ट्रॉलरच्या जाळ्याची. चाचांनी खडपाजवळची एक जागा दाखवलीय, जाळं फाटेल म्हणून तिथे कोणी ओढत नाही. वर मराठीत पाटी आणि फोन नंबर लाव, कोणाला सापडला तर फोन तरी करेल, हेही त्यांचंच. पाटी रंगवून झाली आहे, रेकॉर्डरच्या भाड्याचं अजून जमायचंय.