होम्स गोव्यात आला असता तर

शेरलॉक होम्स 1891 च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यापाशी नाहीसा होतो आणि 1894 मध्ये परततो. मधल्या पोकळीवर चाहत्यांनी अमाप फॅन फिक्शन, म्हणजे मूळ पात्रे घेऊन रचलेल्या कथा, लिहिले आहे. त्यांतलीच, एका हौशी लेखकाची, होम्सला 1892 च्या गोव्यात आणणारी मराठी दीर्घकथा मी फोंड्याच्या पावसात दोन बैठकांत संपवली, आणि ती तुम्हीही अवश्य वाचावी. ज्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि सीमेवरची जकात उठली होती, तो करार त्याच वर्षी संपला. कथेतला गुन्हा नेमका या बदलाच्या फटीतून घडतो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कुळ्याच्या रेल्वे स्थानकावर होम्स गोणीतले मीठ चिमटीत घेतो आणि त्याच्या करड्या रंगावरून ते आमच्याच मिठागरातले असल्याचे ओळखतो, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. मीटर गेज गाडीचा घाटातला संथ चढही सुरेख उतरला आहे. होम्स पंधरवड्यात कोंकणी बोलू लागतो, हे मात्र पटले नाही. आमच्या शेजारच्या साहेबांची गाडी दहा वर्षे झाली तरी ‘देव बरें करूं’च्या (म्हणजे ‘धन्यवाद’च्या) पुढे सरकलेली नाही.